डावीकडच्या शहरातला उजवा नियम

मैलापूरच्या कपालीश्वराला प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवायचा, हे चेन्नईत कुणाला शिकवावं लागत नाही. देवळाबाहेर येऊन स्कूटर काढली की ती रस्त्याच्या डाव्या बाजूने न्यायची, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. (पाळायचं की नाही, तो वेगळा विषय.) चौकातल्या सर्कलला वळसाही तसाच, सर्कल उजव्या हाताला ठेवून. देऊळ काय, रस्ता काय, फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आणि हाच माणूस पहाटे पोहण्याच्या बॅचला येऊन पाण्यात उतरला की काठावरून कोच ओरडतात, ‘उजवीकडून! उजवीकडून!’

वेलाचेरीचा तलाव 1995च्या मद्रासमधल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी बांधला गेला. लांबी ऑलिंपिकची, म्हणजे 50 मीटर. अशा तलावात स्पर्धेच्या वेळी प्रत्येक लेनमध्ये एकच जण असतो. सरावाला मात्र त्याच अडीच मीटर रुंदीच्या पट्ट्यात पाच-सहा जण उतरतात. तळाशी लेनच्या मधोमध जी काळी रेघ असते, ती अशा वेळी दुभाजक होते. रेघ डाव्या हाताला ठेवून जायचं, भिंतीपाशी वळायचं, परत येतानाही ती डाव्याच हाताला. सगळे मिळून एक लांबुळका फेरा धरतात. प्रदक्षिणाच, पण उलटी.

हा फेरा नीट फिरण्यामागे साधं गणित आहे. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे सहा जण पाच-पाच सेकंदांनी सुटले, तर पहिला पलीकडच्या भिंतीला पोहोचेल तेव्हा सहावा बरोबर लेनच्या मध्यावर असतो. वळलेल्या पहिल्याला मग उरलेले पाचही जण समोरून येताना भेटतात. प्रत्येकाच्या वाट्याला रेघेपासून दोरापर्यंत सव्वा मीटर जागा. फ्रीस्टाइलला तेवढी पुरते. बटरफ्लायचं काय? साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे पसरलेले हात साधारण तेवढेच लांब, म्हणजे दीड मीटरच्या पुढे. म्हणून जाणते पोहणारे गर्दीच्या लेनमध्ये समोरून कुणी आलं की दोन-चार हात एकाच हाताने मारतात. न मारणाऱ्याची बोटं समोरच्याच्या गॉगलवर बसतात.

खरी भांडणं मात्र भिंतीपाशी होतात. तिथे कुणी वळत असतो, कुणी धापा टाकत उभा असतो, कुणी चष्मा पुसत असतो. दमलेल्याने थांबावं, त्याला कुणाची ना नाही. पण कोपऱ्यात, दोराला चिकटून. भिंतीचा मधला भाग टम्बल टर्न मारणाऱ्यांचा. पूर्ण वेगाने येऊन कोलांटी मारलेल्या माणसाला पाय टेकायला फरशीऐवजी कुणाचं पोट सापडलं, तर दोघांचीही सकाळ वाया जाते. सेट संपला की पहिल्याने भिंतीला हात लावून पलीकडच्या दोराकडे सरकायचं, दुसऱ्याने त्याच्या शेजारी, असं करत शेवटच्यापर्यंत जागा ठेवायची. त्यालाही हात लावूनच वेळ बघायची असते. नवखे हे हमखास विसरतात. पोहून झालं की आहे तिथेच, मधोमध, पुतळ्यासारखे उभे राहतात.

पुढच्याला मागे टाकायचं असेल तर? पाण्यात हॉर्न नाही, तळपाय आहे. मागच्याने पुढच्याच्या तळपायाला एकदा हलकेच बोट लावायचं. एकदाच. ते लागलं की मधेच थांबायचं नाही; भिंतीपर्यंत जाऊन कोपऱ्यात व्हायचं आणि वाट द्यायची. उलट बाजूने, कुणाच्या पायांमागे अख्खा सेट लटकत राहणंही बरं दिसत नाही. पुढच्याने फोडलेल्या पाण्यात कमी ताकद लागते, त्यामुळे मागून येणारा ताजातवाना राहतो आणि पुढच्याचा जीव जातो. अशा पाहुण्याला कोच पुढच्या सेटला लेनचा म्होरक्या करतात. दोन फेऱ्यांत अक्कल येते.

हा उजवा नियम जगभर सारखा आहे, असंही नाही. अमेरिकेत गाडीही उजवीकडून आणि पोहणंही उजवीकडूनच. ऑस्ट्रेलियात दोन्ही डावीकडून. ब्रिटनमधल्या अनेक तलावांत शेजारशेजारच्या लेनमध्ये फेऱ्याची दिशा आलटून पालटून ठेवतात. त्यामुळे दोराच्या दोन्ही अंगांचे लोक एकाच दिशेने जातात आणि दोरावरून हातावर हात आपटत नाहीत. सगळ्यांत शहाणी पद्धत हीच, पण त्यासाठी प्रत्येक लेनच्या टोकाला बाणाची पाटी लावावी लागते आणि लोकांनी ती वाचावी लागते. चेन्नईकर, किंवा पुण्या-मुंबईचा पोहणाराही, रस्त्यावर एक आणि पाण्यात दुसरं असा दोन डगरींवर पाय ठेवून असतो.

मोठ्यांनाही हे जमतंच असं नाही. 2015च्या कझान जागतिक स्पर्धेत सरावाच्या तलावात चीनचा सुन यांग आणि ब्राझीलची एक जलतरणपटू यांच्यात खटका उडाला आणि ब्राझीलच्या पथकाने रीतसर तक्रार केली. ऑलिंपिक विजेता असला तरी सरावाच्या लेनमध्ये त्याला इतरांसारखीच जागा शोधावी लागते.

चेन्नईत या सगळ्यावर आणखी एक थर चढतो, तो आदबीचा. भिंतीपाशी दोघे उभे. एक तरुण, वेगवान. दुसरे पन्नाशीचे, त्यांना तो ‘अण्णा’ म्हणतो, आणि हा शब्द मराठी माणसालाही परका नाही. काठावरच्या मोठ्या घड्याळाचा लाल काटा साठावर येतो. तरुण हात पुढे करतो, ‘नींगा मुन्नाडी पोंगा’, म्हणजे तुम्ही पुढे व्हा. अण्णा मान हलवतात, छे, तूच हो. तो पुन्हा हात करतो. तोवर काटा पाचावर गेलेला असतो आणि मागची शाळकरी मुलगी दोघांच्या मधून भिंतीला पाय मारून निघूनही गेलेली असते. रेघ डाव्या हाताला ठेवून.