गुडघ्याची वाटी : उपचारकाचा हात आणि आपला व्यायाम

आमचा विषय इतिहास, वैद्यकशास्त्र नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही गुडघ्याचा विषय निवडला, त्यास कारण आहे. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एक विद्यार्थिनी कठडा धरून एकेक पायरी उतरत असे. वंदनेनंतर उठताना तिचा चेहरा वेदनेने आक्रसून जाई. सूज नव्हती, जखम नव्हती. म्हणून आम्ही शिक्षकांनी तो कामचुकारपणा मानला. तिला उठाबशा काढावयास लावणारेही आम्हीच. पुढे फिजिओथेरपिस्टने तिला तपासले, तेव्हा आमची चूक आम्हांस उमगली.

गुडघ्याची वाटी म्हणजे मांडीच्या पुढील स्नायूंच्या कंडरेत बसलेले लहानसे हाड. गुडघा वाकताना ते मांडीच्या हाडाच्या टोकावरील खोबणीतून सरकते. वाकलेल्या गुडघ्यावर भार पडला की वाटीवरील दाब वाढतो. म्हणून जिना, उकिडवे बसणे, उठाबशा, धावणे किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसणे यांमुळे वाटीच्या मागे अथवा भोवती दुखते. स्पर्धा जवळ आल्यावर एकाएकी वाढविलेले धावणे हे त्याचे नेहमीचे निमित्त. किशोरवयीन मुलींत हे दुखणे विशेष आढळते. एक्स-रेमध्ये बहुधा काही दिसत नाही. पण म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

हाताने करावयाच्या उपचारात रुग्णाचा पाय सैल ठेवून फिजिओथेरपिस्ट अंगठा व बोटांनी वाटी हळुवारपणे आत, बाहेर, वर व खाली सरकवतो. मांडीचे ताठरलेले स्नायू दाबून मोकळे करतो. ऑस्ट्रेलियातील जेनी मॅककॉनेल यांनी 1986 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार वाटीवर चिकटपट्टीही लावली जाते. याने वेदना शमते, पाऊल टाकण्याचे धैर्य येते. मात्र हा आराम अल्पकाळचा असतो. ‘सरकलेली वाटी जागेवर बसविली’ असे कोणी म्हटले, तर त्यावर भिस्त ठेवू नये.

2019 मध्ये अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही केवळ हाताच्या उपचारावर विसंबू नये असेच सांगितले आहे. भर आहे तो मांडी व नितंब या दोहोंच्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामावर. उताणे निजून सरळ पाय उचलणे, कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. त्यास जागा लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ते सहा ते बारा आठवड्यांचे सातत्य. किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवशी शमले, तर चालेल. वाढत गेले, तर व्यायाम कमी करावा. खेळ कायमचा सोडण्याचे कारण नाही. काही काळ धावणे व उड्या कमी करून ते हळूहळू वाढवावे.

परंतु गुडघा सुजणे, अडकणे, अचानक दगा देणे, वाटी निसटणे, ताप किंवा रात्री झोपमोड करणारी वेदना असेल, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. मूल लंगडत असेल, तर त्याचा खुबाही तपासून घ्यावा. कारण खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते. अशा वेळी मालीश करवून दिवस दवडू नयेत.

ती विद्यार्थिनी तीन महिने नेमाने व्यायाम करून पुन्हा मैदानावर उतरली. फिजिओथेरपिस्टच्या हाताने तिची वेदना हलकी केली. पायांत बळ तिने स्वतः आणले. आमच्या वाट्याला आला तो धडा : मूल ‘दुखते’ म्हणाले, तर आधी त्यावर विश्वास ठेवावा. पालकांनी आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांनीही तो ध्यानी ठेवावा, ही विनंती.