माती परीक्षणाच्या कागदाला कंठ फुटतो तेव्हा

सातबारा, बँकेचं पासबुक, पीक विम्याची पावती. वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या कागदांच्या गठ्ठ्यात गेल्या काही वर्षांत आणखी एका कागदाची भर पडली आहे, मृदा आरोग्य पत्रिका. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथून ही योजना देशभर सुरू झाली. पत्रिकेत मातीच्या बारा गुणांचे आकडे असतात : सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. कागद माहितीनं ठासून भरलेला. पण सामू ८.७ आणि कर्ब ०.३८ वाचून करायचं काय? धुऱ्यावर उभ्या माणसाचा प्रश्न एवढाच असतो, "मंग मी वावरात टाकू काय?"

आज त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर थोड्याच वेळात त्याचा अर्थ मराठी आवाजात ऐकू येईल अशी सोय उभी करता येते. आणि ती उभी करायला प्रोग्रामिंगची एक ओळही लिहावी लागत नाही.

कागदाला बोलतं करण्याची ओढ मात्र जुनी आहे. १३ जानेवारी १९७६ रोजी अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी अंधांसाठी एक यंत्र लोकांसमोर आणलं. छापील पान काचेवर ठेवायचं; यंत्र त्याची प्रतिमा टिपे, अक्षरं ओळखे आणि ती मोठ्यानं वाचून दाखवे. त्याच्या पहिल्या ग्राहकांत गायक स्टीव्ही वंडर होते. त्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडात हे काम माणसांनी केलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत १८८१ साली जन्मलेले संत गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले. त्यांना ग्रंथ वाचून दाखवले जात, आणि ते सांगत ते दुसरे लिहून घेत. १९१५ साली देह ठेवेपर्यंत त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथ सांगितले. कुणीतरी आपल्यासाठी वाचून दाखवलं तर काय घडू शकतं, याचा याहून मोठा दाखला शोधायला नको.

आता ही साखळी जुळते कशी ते पाहू. झॅपियर, मेक, एन-एट-एन अशी साधनं त्यासाठी वापरतात. झॅपियर २०११ पासून आहे, एन-एट-एन बर्लिनमध्ये २०१९ साली आलं. पडद्यावर चौकोनी खोके मांडायचे आणि माउसनं रेघ ओढून एकमेकांना जोडायचे. अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जसा एका तोंडातून कापूस आत जातो, सरकी वेगळी होते, रुई पुढे सरकते आणि शेवटी गाठ बांधून बाहेर येते, तसंच इथं. पहिला खोका फोटोची वाट पाहत बसतो. फोटो आला की दुसरा अक्षरं वाचतो, तिसरा कामाचे आकडे वेचतो, चौथा ते तपासतो, पाचवा त्यातून मराठी वाक्यं तयार करतो, सहावा ती बोलतो आणि सातवा ध्वनिफीत ज्याची त्याला पाठवतो. आधीच्या खोक्याचं उत्पादन हा पुढच्याचा कच्चा माल.

अक्षरं वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. यंत्राला फोटोत फक्त कमी-जास्त उजेडाचे ठिपके दिसतात. रोमन लिपीत सुट्या छापील अक्षरांमधली मोकळी जागा शोधून एकेक अक्षर वेगळं काढता येतं. देवनागरीत मात्र शिरोरेषा अख्खा शब्द एका दोरीत ओवते. म्हणून जुन्या पद्धतींमध्ये आधी ती रेषाच पुसून टाकत, मग अक्षरं सुटी करत. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, अशी तीन मजली कसरत चाले. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात जन्मलेला 'टेसरॅक्ट' हा वाचक २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून तो अक्षरं तोडण्याऐवजी सबंध ओळ एका दमात वाचायला लागला. आधीच्या आणि नंतरच्या खुणांवरून मधलं अक्षर ताडायचं, ही युक्ती न्यूरल नेटवर्कनं दिली.

पण ओळ वाचली म्हणजे कागद समजला असं नाही. "८.७" हा सामू की गंधक, हे रकान्यावरून ठरतं. फोटो तिरपा असेल, घडी नेमकी रकान्यावर पडली असेल, तर आकडा शेजारच्या घरात जाऊन बसतो. इथं भाषेचं मॉडेल कामी येतं. त्याला बारा नावांची रिकामी यादी द्यायची आणि सांगायचं : कागदावर दिसेल तेवढंच भर, दिसत नसेल तर जागा मोकळी सोड. ही शेवटची सूचना विसरलात तर मॉडेल मोकळी जागा स्वतःच्या अंदाजानं भरून मोकळं होतं, आणि तो आकडा इतका साळसूद दिसतो की कुणाला शंकाही येऊ नये.

आणि म्हणूनच चौथा खोका. तपासणीचा. दिसायला सगळ्यात कंटाळवाणा, पण सगळी मदार त्याच्यावर.

त्यात काय लिहायचं? सामूची मोजपट्टी ० ते १४. तेव्हा ८७ आलं तर दशांश चिन्ह गळलंय हे उघड. सेंद्रिय कर्ब ३.८ टक्के आला तर आपल्या भागातल्या शेतजमिनीसाठी तो संशयास्पद, बहुधा ०.३८ असणार. असा कागद पुढे न पाठवता माणसाकडे वळवायचा. इथवरचं शहाणपण कुठलाही हुशार तंत्रज्ञ पुरवील. खरी परीक्षा त्यापुढे आहे, आणि तिचं नाव खारपाणपट्टा.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या मोठ्या भागात पाणी आणि माती खारी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानं उभ्या राहिलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातली सुमारे ९३२ गावं वेगळी धरली होती. इथल्या काळ्या मातीत सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून फोडतो. कण सुटे झाले की छिद्रं बुजतात. पावसाळ्यात वावर चिबडतं, उन्हाळ्यात दगडासारखं होतं. उपाय म्हणून जिप्सम टाकतात : त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकून त्याची जागा घेतो. आता गंमत पाहा. मातीला चिकटलेला सोडियम किती टक्के आहे, हा आकडा पत्रिकेच्या बारांमध्ये नाहीच! पुस्तकी नियम १५ टक्क्यांची रेघ ओढतो; पूर्णेच्या खोऱ्यात त्याच्या बऱ्याच आधी निचरा बिघडतो, असं या मातीवरच्या संशोधनातून पुढे आलं आहे. म्हणजे सामू ८.७ वाचून यंत्रानं "एकरी इतकं जिप्सम टाका" असं ठणकावून सांगितलं, तर ते चुकीच्या भरवशावर बोलतंय. त्यानं म्हणायला हवं, "सामू जास्त आहे. जिप्समचं प्रमाण ठरवण्याआधी सोडियमची वेगळी तपासणी करून घ्या."

आणखी एक गोष्ट. मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घ्यायचा आणि जिरायती भागात दहा हेक्टरमधून एक, असा नियम ठरला होता. वऱ्हाडातली बहुतेक शेती जिरायती. तेव्हा कागदावर नाव तुमचं असलं, तरी माती शेजाऱ्याच्या वावरातली असू शकते. हेही आवाजानं सांगायला हवं.

आता बोलणं. लिहिलेली वाक्यं आवाजात उतरवण्याआधी आकड्यांचे शब्द करावे लागतात. ४१२ म्हणजे "चारशे बारा", "चार एक दोन" नव्हे. मराठीत तर शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक आकड्याचं स्वतंत्र नाव; एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत माणसंही अडखळतात. मग उच्चार : "चार किलो"मधला च वेगळा आणि गुरांच्या "चाऱ्या"तला वेगळा, "जिप्सम"चा ज वेगळा, "जस्ता"चा वेगळा. कागदावर अक्षर तेच. हा भेद यंत्र शिकतं ते माणसांच्या तासन्‌तास ध्वनिमुद्रणांतून.

त्यानंतर घडतं ते थक्क करणारं. यंत्र थेट आवाज काढत नाही, आधी आवाजाचं चित्र काढतं. आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला स्वराची उंची, रंगाच्या गडदपणात जोर. मग दुसरं न्यूरल जाळं त्या चित्रावरून ध्वनिलहर विणतं. डीपमाइंडच्या 'वेव्हनेट'नं २०१६ साली एका सेकंदाच्या बोलण्यासाठी १६,००० बिंदू एकामागून एक काढून दाखवले, आणि यंत्राच्या आवाजातला पत्र्याचा खडखडाट ओसरायला लागला. साखळीच्या एका टोकाला चित्रातून अक्षरं निघतात, दुसऱ्या टोकाला अक्षरांतून पुन्हा चित्र! भारतीय भाषांसाठी असे आवाज आयआयटी मद्रासच्या 'एआयफोरभारत'नं खुले केले आहेत. केंद्र सरकारची 'भाषिणी' २०२२ पासून तेच काम करते.

जपून वागायचं एक ठिकाण आहे. पत्रिकेवर नाव, गट क्रमांक, मोबाइल नंबर असतो. फोटो कुणाच्या सर्व्हरवर जातो, किती दिवस राहतो, हे आधी ठरवावं. एन-एट-एनसारखं साधन स्वतःच्या संगणकावरही चालवता येतं. वाचक आणि आवाजही तिथेच बसवले, तर कागद गावाबाहेर जायची गरज उरत नाही.

वाचणारा खोका जगात कुठेही बनतो, बोलणाराही. तपासणीचा खोका मात्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला मृदाशास्त्रज्ञ, दर्यापूरचा कृषी सहायक किंवा खाऱ्या वावरात उभी हयात घालवलेला कास्तकार यांनाच भरता येईल. आजवर त्यांना आपलं ज्ञान आधी प्रोग्रामरला समजावून सांगावं लागे, आणि वाटेत त्यातलं निम्मं सांडे. आता ते स्वतःच साध्या मराठीत नियम लिहून खोक्यात टाकू शकतात : सामू साडेआठच्या वर आणि गाव पूर्णाकाठचं, तर जिप्समचा आकडा सांगू नकोस, तपासणीला पाठव. एवढ्या एका ओळीनं त्या साखळीला वऱ्हाडची माती कळायला लागते.