ओट्यावर आता गाडी बसते

साताऱ्याच्या जुन्या पेठांना वारांची नावं आहेत. जोडीला सदाशिव, यादोगोपाळ, चिमणपुरा, माची. अठराव्या शतकात थोरल्या शाहू महाराजांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे गाव वसवलं, तेव्हा जायचं-यायचं ते पायी, घोड्यावर नाहीतर बैलगाडीतून. बोळांची रुंदीही त्याच बेताची.

मी मंगळवार पेठेत वाढलो. ओटा हीच आमची दिवाणखान्याची खोली. संध्याकाळी बायका तिथे शेंगा फोडत, आजोबा पेपर वाचत आणि आम्ही पोरं बोळात लगोरी मांडत असू. एखादी मोटार शिरलीच, तर तिच्यामागे पोरांची वरात निघे.

मग स्कूटर आली. गंमत म्हणजे ती गावातच तयार होई! १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या इथल्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडे. ज्याच्या दारात प्रिया, त्याचा रुबाब काही औरच. पण ती भिंतीकडेला मावायची. पुढे मारुती आली आणि वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहिली. आमच्या शेजारच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं आणि दोन सायकली होत्या. आज त्याच जागेवर दहा फ्लॅट आणि बारा गाड्या आहेत.

‘लोक फार वाढले हो,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. जनगणना मात्र वेगळंच सांगते. नगरपालिका हद्दीत २००१ साली १,०८,०४८ माणसं होती, २०११ साली १,२०,१९५. म्हणजे दहा वर्षांत भर जेमतेम बारा हजारांची. गाव फुगलं ते हद्दीबाहेर, शाहूपुरी-विलासपूरकडे. हा भाग २०२० साली शहरात आला. माणसं राहायला तिकडे गेली. सराफ, कापडदुकानं, शाळा राजवाडा-मोती चौकाच्या आसपासच राहिल्या. त्यामुळे बाहेर गेलेलं गाव रोज गाडीवर बसून पेठेत परततं. त्यातच २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि फुलांच्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. २०२१ साली पोवई नाक्यावर भुयारी मार्ग सुरू झाला. नाका थोडा सुटला, पण पुढचा राजपथ होता तेवढाच आहे.

याची किंमत कोण मोजतं? माझी आई ऐंशीची आहे. तिची मैत्रीण समोरच, वीस पावलांवर राहते. पण ओट्याला खेटून लावलेल्या गाड्यांमधून काठी टेकत जाणं आईला जमत नाही. मग दोघी खिडकीत बसून एकमेकींशी फोनवर बोलतात.

पेठा रुंद होणार नाहीत, होऊही नयेत. पण भाजीला, देवळात पायी जायला काय हरकत आहे? प्रत्येक गल्लीने ओट्यांची एक बाजू गाड्यांपासून मोकळी ठेवायचं ठरवलं, तरी खूप झालं. त्याला सरकारी निधी लागत नाही. शेजाऱ्याशी बोलावं मात्र लागतं.