वैनगंगेच्या काठाने पायी व पायगाडीवर

युरोपच्या दक्षिणेस भूमध्य समुद्राचा जो रमणीय किनारा पसरला आहे, तो पाहावयास दरवर्षी लक्षावधी लोक जातात, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. आता तर आपल्या कित्येक घरांतील मुले-सुनाही तिकडे जाऊन येतात व तेथून छायाचित्रे पाठवितात. परंतु त्या किनाऱ्याची एक गोष्ट छायाचित्रांत सहसा येत नाही. फ्रान्स देशात समुद्राच्या कडेकडेने एक पाऊलवाट जाते. ती मूळची जकातीच्या शिपायांची. चोरटा माल उतरविणारांवर नजर ठेवण्याकरिता हे शिपाई तिच्यावरून येरझारा घालीत. पुढे शिपाई गेले, वाट मात्र राहिली. आणि १९७६ साली तेथे कायदाच झाला की, किनाऱ्याची जमीन कोणा खासगी धन्याची असली तरी पाण्यालगतची तीन मीटर रुंदीची पट्टी पायी चालणारांकरिता मोकळी असावी. इटलीच्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे म्हणून डोंगराला चिकटलेली पाच गावे आहेत. त्यांपैकी दोन गावांमधील एक प्रसिद्ध पायवाट दरड कोसळल्यामुळे २०१२ साली बंद पडली, ती दुरुस्त होऊन २०२४ साली पुन्हा खुली झाली. एका पायवाटेसाठी बारा वर्षे! आम्हास त्या समुद्रापेक्षा या गोष्टीचेच अधिक कौतुक वाटते.

आम्ही पडलो भंडारा जिल्ह्यातील शहापूरचे. आमच्यापासून कोणताही समुद्र शेकडो कोस दूर. आमच्या गावावरून मुंबई-कलकत्ता हा राजमार्ग जातो व त्यावरून अहोरात्र मोटारी धावतात. नागपूरहून निघालेला मनुष्य भंडारा, साकोली मागे टाकीत छत्तीसगडात केव्हा शिरतो, हे त्याचे त्यासही कळत नाही. मध्ये वैनगंगा लागते. तो पुलावरून एक नाणे पाण्यात टाकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावून, पुढे वर्धा नदीस मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीस जाणारी ही नदी. वाकाटकांच्या ताम्रपटांत ‘बेण्णा’ या नावाने जिचा उल्लेख येतो, ती हीच, असे विद्वानांचे मत आहे. अशा नदीचे दर्शन एका नाण्यावर आटोपावे, हे आम्हास बरे वाटेना. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आम्ही काठाने जाण्याचे ठरविले. पक्क्या सडकेवर पायगाडी व जेथे सडक संपेल तेथे पाय.

घरात प्रथम विरोध झाला. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, सेवानिवृत्त झाल्यावर लोक काशीस जातात, तुम्ही सायकलवर निघालात. दारात मोटार उभी आहे ना?” सूनबाईंनी मात्र काही न बोलता दशम्या व तिळाची चटणी बांधून दिली आणि थोरल्या नातवास सोबत धाडले. खरे पाहता यात नवल करण्यासारखे काही नाही. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात या झाडीत पायी हिंडले. त्यांचे एक शिष्य निळभट्ट हे भांडारेकार म्हणूनच ओळखले जातात. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पायी तुडवीत होते. पायगाडीचे म्हणाल तर १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण तिच्यावर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि १९२८ साली त्यांपैकी तिघे ती पुरी करून परत आले. आम्हास जावयाचे होते ते पवनीपर्यंत.

मार्गशीर्षात आमच्याकडील मुलूख पाहण्यासारखा असतो. धान कापून झालेले, बांध्यांतील ओलीवर टाकलेली लाखोरी वर आलेली व तिला निळी फुले धरू लागलेली. मोटारीतून ही फुले दिसत नाहीत, कारण ती वीतभर उंचीची. पायगाडीवरून दिसतात. तळ्यांच्या पाळींवरून जाताना उतरून चालावे लागते. या पाळी बांधणाऱ्या कोहळी लोकांचे कसब केवढे होते, हे अशा वेळी पायांस कळते. वाट कोठेही एकदम चढत नाही की एकदम उतरत नाही.

दुपारच्या आत आम्ही आंभोऱ्यास पोहोचलो. येथे वैनगंगेस कन्हान, आम, मुर्झा व कोलारी अशा नद्या मिळतात, म्हणून यास पंचनद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ व हरिनाथांची समाधी आहे. मुकुंदराजांनी आपला ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ त, पुरा केला. तो येथे लिहिला असे आमच्याकडील लोक मानतात, तर आंबेजोगाईकर मुकुंदराजांस आपले म्हणतात. दोन्हीकडे समाध्या, दोन्हीकडे परंपरा. या वादात आमचा कल कोणीकडे असणार हे उघड आहे, तेव्हा आम्ही पंच होणे योग्य नव्हे.

पूर्वी भंडाऱ्याकडील यात्रेकरूंस येथे नावेने यावे लागे. २०२४ च्या जानेवारीत तारांनी तोललेला सातशे मीटरांहून लांब पूल येथे खुला झाला आणि आम्ही त्यावरूनच आलो. पूल देखणा आहे, उंचावर सज्जाही आहे. नातू तेथून हलेना. परंतु सज्ज्यातून खाली जे विस्तीर्ण पाणी दिसते, ते वाहत्या नदीचे नव्हे, ही गोष्ट त्यास समजावून सांगावी लागली. ते गोसीखुर्दच्या धरणाचे तुंबलेले पाणी आहे. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली. त्यास तेहतीस दरवाजे असून त्याची लांबी अकरा किलोमीटरांहून अधिक आहे. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील अनेक गावे या पाण्याखाली गेली. त्या गावांतून नदीवर उतरणाऱ्या ज्या गाडीवाटा व पायवाटा होत्या, त्याही गेल्या. चंद्रपूरकडील शेतास पाणी मिळाले पाहिजे, यात शंका नाही. पण ज्यांची घरे बुडाली ते नव्या गावठाणांत नळाच्या पाण्यावर राहतात व नदीस पाहुण्यासारखे येतात.

दुसरी गोष्ट वासाची. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेस व कन्हानेतून येथे येते. धरणामुळे ते पुढे वाहून न जाता साचते आणि वर जलपर्णी माजते. संगमावर आचमन करण्यास आम्ही ओंजळ भरली व तशीच सोडून दिली. मोटारीच्या काचा बंद ठेवून येणारास हे कसे कळावे? जे शहर आपल्या मुलांस सुटीच्या दिवशी हा पूल दाखविण्यास आणते, त्याच शहराचे हे पाणी आहे, हे वडील माणसांनी तेथेच मुलांस सांगितले पाहिजे, असे आमचे मत झाले.

परत भंडाऱ्यास येऊन, मेंढ्याच्या भृशुंड गणेशाचे दर्शन घेऊन, दुसऱ्या दिवशी कारध्याचा पूल ओलांडून अड्याळमार्गे पवनी गाठली. या टप्प्यात सांगण्यासारखे थोडे. एक पंक्चर झाले, ते एका मुसलमान कारागिराने काढून दिले व सोबत्याच्या वयाकडे पाहून पैसे घेईना. आग्रहाने द्यावे लागले. एक सूचना मात्र अवश्य करतो. नदीपलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. २०१६ साली दिसेनासा झालेला तो प्रसिद्ध ‘जय’ वाघ तेथलाच. तिकडच्या सडकांवर सांजवेळी पायगाडी नेऊ नये.

पवनीस मात्र दोन दिवस राहावे आणि पायगाडी बिऱ्हाडी ठेवून पायीच हिंडावे. गावास नदीचा आश्रय आहेच, शिवाय प्राचीन तट व खंदक आहे. घाटांवर देवळांची दाटी. वैजेश्वर, तसेच अनेक मुखांचा सर्वतोभद्र गणेश, जो विदर्भाच्या अष्टविनायकांत मोडतो. एके काळी येथील कोष्ट्यांचे रेशीमकाठी वस्त्र नावाजलेले होते. परंतु पवनीचे खरे धन जमिनीखाली आहे. जगन्नाथ टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ आहे, म्हणून तिला ते नाव. पण ही टेकडी निसर्गाने केलेली नव्हे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले, तेव्हा देवळाच्या पायथ्याशी विटांचा प्रचंड बौद्ध स्तूप निघाला, सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोलाचा. त्याच्या कठड्याच्या स्तंभांवर ब्राह्मी अक्षरे आहेत. एका स्तंभावर मुचलिंद नाग फणा उभारून आहे व त्याखाली आसन रिकामे आहे. कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरण्याचा प्रघात नव्हता, रिकाम्या आसनानेच त्यास दाखवीत. भार वंशातील भगदत्त राजाचा आणि महाक्षत्रप रूपिअम्म याचा, असे आणखी दोन लेख पवनीस सापडले. भगदत्ताचा लेख वाचून प्रसिद्ध करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. शकांचा क्षत्रप वैनगंगेच्या काठी स्मारकस्तंभात उभा असेल, हे आम्ही शाळेत शिकवीत असता आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

टेकडीवर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा बकऱ्या राखीत होता. नातवाने त्यास विचारले, “या टेकडीत काय आहे, ठाऊक आहे का?” तो म्हणाला, “विटा हायेत. मोठ्या हायेत, आमच्या घरच्या विटांपेक्षा.” मग त्याने आम्हास मोकळ्या पडलेल्या विटा दाखविल्या व पायाने पाला सारून बाजूस उभा राहिला. आम्ही वीट हाताने मापली. आमची वीत पुरली नाही. नातवाने त्या मुलास मुचलिंदाची गोष्ट सांगितली, पावसात बुद्धावर नागाने फणा कशी धरली ती. मुलाने ती ऐकून घेतली व विचारले, “मंग तो पाऊस किती दिवस पडला?” “सात दिवस,” आम्ही उत्तर दिले. त्यास ते पटले. आमच्याकडे श्रावणात तितका पाऊस पडतोच.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी दिवाळीनंतर निघावे व माघ संपण्यापूर्वी परतावे, पुढे ऊन सोसत नाही. पिण्याचे पाणी घरचे न्यावे. स्त्रियांस व मुलांस यात काही कठीण नाही. आमच्या धाकट्या सूनबाई येत्या मार्गशीर्षात आमच्याबरोबर निघणार आहेत आणि त्यांच्याकरिता दुसरी पायगाडी घरात येऊन पडली आहे.