काडतूस मोठं असलं म्हणजे भागतं का?

सोयाबीनला शेंगा धरल्या की माहूर-किनवटच्या डोंगरपट्ट्यात रात्रीच्या जागली सुरू होतात, त्या थेट हरभरा घरी येईपर्यंत. पैनगंगा अभयारण्याच्या बाजूनं रानडुकरं, रोही आणि हरणांचे कळप शेतात उतरतात आणि उभं पीक एका रात्रीत तुडवून जातात. जागलीवर शेकोटी पेटली की बंदुकीचा विषय निघतोच. कुणाच्या आजोबांकडे निजामाच्या काळातली ठासणीची बंदूक होती, कुणी बारा बोरचं गुणगान करतो, कुणी तीनशे पंधराच्या रायफलचं. या गप्पांतून ज्या समजुती पक्क्या होतात, त्यांपायी जनावर हाल होऊन मरतं आणि शेतकरी कोर्टाच्या फेऱ्यात अडकतो.

सगळ्यात मुरलेली समजूत अशी: तीनशे पंधराची गोळी लागली की हरीण जागेवर आडवं.

ही रायफल आपल्याकडे रुळली त्याला कारण आहे. .३०३ सारख्या लष्करी मापाच्या रायफली सामान्य नागरिकांना बंद होत्या, म्हणून त्यांच्यासाठी .३१५ हे वेगळं माप चाललं. रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची, तर काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासूनचा. गोळीची जाडी सुमारे ८ मिलिमीटर, वजन १५-१६ ग्रॅम. तिच्या टोकाला शिसं उघडं असतं. अंगात शिरताच ते चपटं होऊन पसरतं आणि जखम रुंद करतं. ऐंशी-नव्वद किलोच्या चितळासाठी ही ताकद गरजेपेक्षा जास्तच आहे, यात वाद नाही.

पण ताकद पुरेशी असणं वेगळं आणि जनावर जागेवर पडणं वेगळं. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे फेकला जातो, तसं प्रत्यक्षात होत नाही. गोळी पुढं जाताना बंदूक जेवढ्या जोरानं खांद्यावर आदळते, त्याहून जास्त धक्का ती गोळी समोरच्या देहाला देऊच शकत नाही. मग तोच धक्का खाऊन बंदूक चालवणारा उभा राहतो आणि जनावर उडून पडतं, हे कसं होईल? जनावर मरतं ते रक्त वाहून गेल्यामुळे, किंवा मेंदू वा कणा तुटल्यामुळे. गोळी नेमकी काळजातून गेली तरी मेंदूत आणि स्नायूंत उरलेल्या प्राणवायूवर हरीण दहा-पंधरा सेकंद धावू शकतं. तेवढ्यात ते शंभर मीटर पार करून झुडपात दिसेनासं होतं. ‘नेम चुकला’ म्हणून लोक माघारी फिरतात. आणि गोळी पोटात किंवा मागच्या पायात बसली असेल, तर ते जनावर कित्येक तास, कधी दिवसभर, तडफडत राहतं. मोठं काडतूस जखम मोठी करतं, चुकलेला नेम दुरुस्त करत नाही. अंधार, बॅटरीचा झोत, हलणारं पीक आणि घाबरून पळणारा कळप अशा वेळी नेम चुकण्याची शक्यताच जास्त.

अंतराचंही तसंच. वेग निम्मा झाला की गोळीची ऊर्जा निम्मी होत नाही, पावपटीवर येते. .३१५ ची गोळी बोथट तोंडाची, त्यामुळे हवेत तिचा वेग लवकर पडतो. शंभर पावलांवर जी भारी वाटते, ती तिप्पट अंतरावर तशी राहत नाही. पण म्हणून ती निरुपद्रवीही होत नाही. हुकलेली रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते, आणि माहूरच्या काळ्या खडकावर आपटून भलतीकडेच वळू शकते. शेजारच्या शिवारात दुसरं कुणी जागलीला असतं, पहाटे बाया कापूस वेचायला निघालेल्या असतात. नवरात्रात रेणुकामातेला आणि दत्तजयंतीला दत्तशिखरावर येणारे लोक रात्री-अपरात्री पायी चालत असतात. या माणसांचा विचार बंदुकीच्या गप्पांत कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बारा बोरबद्दलचा घोळ थोडक्यात. आकडा वाढला की बंदूक मोठी, असं नाही. सोळा आणि वीस बोर बाराहून लहान असतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक जेवढी जाड होईल, तेवढी या नळीची रुंदी, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटर. काडतुसातले छर्रे मात्र पस्तीस-चाळीस मीटरनंतर इतके पांगतात की जनावर बहुधा जखमी होऊन निसटतं.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी गफलत तिथंच होते. ‘आमच्या घरात परवाना आहे’ हे वाक्य माहूर तालुक्यात अनेकदा ऐकू येतं. तो परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. जुनी माणसं शिकारीच्या परवान्याची आठवण सांगतात तीही खोटी नाही: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झाले. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे, पण त्या बंदुकीनं जनावर मारायला वेगळी परवानगी लागते. शिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. पैनगंगेच्या काठच्या गावांनी हे ध्यानात ठेवावं.

‘पीक खाल्लं म्हणजे मारायचा हक्क आला’ हेही चूक. पिकाचं नुकसान करणारी रोही आणि रानडुकरं मारण्याची परवानगी वनक्षेत्रपालांमार्फत मिळण्याची सोय राज्य सरकारनं २०१५ मध्ये केली. हरणाचं नाव त्यात नाही. काळवीट आणि चिंकारा तर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीत पिकाचं नुकसान हे कारणच चालत नाही. बंदूक वापरली नाही म्हणून कुणी सुटत नाही. फास लावणं, सापळा रचणं, हाका करणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. तारेत करंट सोडण्यानं तर माणसंही दगावतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. बंदूक आणि गाडी जप्त होते ती वेगळीच.

याच्या उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: जनावर अंगावर आलं तरी हात उचलता येत नाही. तसं नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूनं प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही. मात्र तो मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता होतो, त्याचं मटण वाटून घेता येत नाही.

राहिला नुकसानीचा प्रश्न. ‘भरपाई फक्त डुकराची मिळते’ असं समजून कित्येक जण अर्जच करत नाहीत. राज्याच्या यादीत रानडुक्कर आणि रोहीबरोबर हरीण, गवा, माकड, वानरही आहेत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत वनरक्षकाकडे किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात तक्रार नोंदवावी लागते. पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक तसंच ठेवावं, पायाचे ठसे आणि लेंड्या यांचे फोटो काढावेत, सातबारा जवळ ठेवावा. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. त्या कुंपणातून थांबून थांबून क्षणभराचा झटका बसतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही, आणि अंधारात चुकून हात लागलेला माणूसही वाचतो.