शॉर्ट सेलिंग

शॉर्ट सेलिंग म्हणजे स्वतःच्या मालकीचे नसलेले समभाग आधी विकणे आणि भाव उतरल्यावर ते विकत घेऊन व्यवहार पुरा करणे होय. नेहमीच्या गुंतवणुकीत खरेदी आधी व विक्री नंतर होते. येथे हा क्रम उलटा असतो. भाव चढेल या अपेक्षेने खरेदी करणाऱ्यास बाजारात ‘तेजीवाला’ म्हणतात, तर भाव उतरेल या अपेक्षेने आधी विकून मोकळा होणाऱ्यास ‘मंदीवाला’. या व्यवहारास मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. ‘लघुविक्री’ असे शब्दशः भाषांतर केल्यास दिशाभूलच होते. कारण मूळ शब्द विक्री लहान असल्याचे नव्हे, तर विकणाऱ्याच्या हाती माल नसल्याचे सांगतो.

स्वरूप

समजा, एका कंपनीचा समभाग 500 रुपयांना आहे. मंदीवाला असे 100 समभाग उसने घेऊन विकतो व त्याला 50,000 रुपये मिळतात. भाव 400 रुपयांवर आला की तो तेवढेच समभाग 40,000 रुपयांत खरेदी करून मूळ मालकास परत करतो. उरलेल्या 10,000 रुपयांतून दलाली, कर आणि उसनवारीचे शुल्क वजा जाता जे राहील तो त्याचा नफा. मधल्या काळात कंपनीने लाभांश दिल्यास तेवढी रक्कमही त्याला मालकास भरून द्यावी लागते.

धोक्याचे स्वरूप

वरील उदाहरणात कंपनी पूर्णपणे बुडाली, तरी नफा 50,000 रुपयांच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण भाव शून्याखाली उतरत नाही. याउलट भाव 900 झाल्यास तोटा 40,000 रुपये, 1,500 झाल्यास एक लाख रुपये होतो आणि त्यापुढे त्याला वरची मर्यादाच नाही. समभाग विकत घेणाऱ्याचे फार तर घातलेले भांडवल जाते; मंदीवाल्याचे मात्र न घातलेले पैसेही जाऊ शकतात. शिवाय त्याचा अंदाज चुकत जातो तसतशी त्याची जोखीम आपोआप वाढत जाते, ही बाब नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

भाव चढू लागल्यावर अनेक मंदीवाले एकाच वेळी खरेदीस धावतात आणि त्यांच्याच खरेदीने भाव आणखी चढतो. या अवस्थेस ‘शॉर्ट स्क्वीझ’, म्हणजे मंदीवाल्यांची कोंडी, म्हणतात. तिचे गाजलेले उदाहरण फोक्सवॅगनचे. 26 ऑक्टोबर 2008 रोजी पोर्शे कंपनीने आपल्याकडे फोक्सवॅगनचे थेट आणि पर्यायी करारांद्वारे मिळून सुमारे 74 टक्के समभाग असल्याचे जाहीर केले. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्याकडे आणखी सुमारे 20 टक्के होते. बाजारात जेमतेम 6 टक्के समभाग उरले आणि मंदीवाल्यांना परत करावयाचे समभाग त्याहून अधिक होते. आधीच्या शुक्रवारी सुमारे 210 युरो असलेला भाव 28 ऑक्टोबरला 1,000 युरोंवर गेला. वाहनउद्योगाला वाईट दिवस येणार हा मंदीवाल्यांचा होरा तेव्हा अगदीच निराधार नव्हता. तरीही ते बुडाले.

भारतातील व्यवहार

मुंबईच्या बाजारात बदला पद्धती होती तोवर मंदीवाला आपला सौदा पुढील काळात ओढून नेऊ शकत असे. समभागांची टंचाई असल्यास त्यालाच खरेदीदारास शुल्क द्यावे लागे. त्याला ‘उंधा बदला’ म्हणत. जुलै 2001 मध्ये बदला बंद झाला. एप्रिल 2008 पासून संस्थात्मक गुंतवणूकदारांना शॉर्ट सेलिंगची मुभा मिळाली व समभाग उसने देण्या-घेण्याची यंत्रणाही सुरू झाली. समभागांची सोय न करता विकून ते न देणे, म्हणजे ‘नेकेड’ विक्री, सेबीच्या नियमांनुसार निषिद्ध आहे.

सामान्य ग्राहक बहुधा सकाळी विकून त्याच दिवशी खरेदी करतो. यातील खरा सापळा ‘अपर सर्किट’चा आहे. ज्या समभागांत वायदे व्यवहार होत नाहीत, त्यांच्या दैनंदिन चढउतारास 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांची मर्यादा असते. भाव वरच्या मर्यादेला टेकला की विकणारा कोणीच उरत नाही आणि मंदीवाल्याला कितीही इच्छा असली तरी खरेदी करता येत नाही. दिवस संपताना त्याच्यावर समभाग देण्याची जबाबदारी तशीच राहते. ते देता न आल्याने शेअर बाजार लिलावातून समभाग मिळवून खरेदीदारास देतो आणि भावातील फरक दंडासह विक्रेत्याकडून वसूल करतो.

जोखीम-नियंत्रण

सर्वांत परिचित उपाय ‘स्टॉप लॉस’चा: ठरलेल्या भावास समभाग आपोआप खरेदी होतील असा आदेश आधीच देऊन ठेवणे. मात्र अपर सर्किटमध्ये हा आदेश नुसता पडून राहतो, आणि वायद्यात रात्रभर ठेवलेल्या सौद्यात दुसऱ्या दिवशी भाव एकदम वर उघडला, तर तो ठरवलेल्या किमतीहून बऱ्याच वरच्या दराने पुरा होतो. म्हणून आदेशावर विसंबण्यापेक्षा सौद्याचा आकारच लहान ठेवणे अधिक भरवशाचे. भरपूर उलाढाल असलेलेच समभाग निवडणे आणि निकाल किंवा मोठ्या घोषणेच्या आदल्या दिवशी सौदा उघडा न ठेवणे, हेही त्याच जातीचे उपाय होत. ‘पुट ऑप्शन’ विकत घेतल्यास मंदीचा लाभ मिळू शकतो आणि तोटा भरलेल्या अधिमूल्यापुरताच राहतो. पण मुदतीत भाव न उतरल्यास ते सारे जाते.

सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये समभागांत एका दिवसाची उलाढाल करणाऱ्या दर 10 व्यक्तींपैकी 7 जणांना तोटा झाला. यात तेजीवाले व मंदीवाले दोघेही आले.

टीका आणि उपयुक्तता

या व्यवहारावरील रोष फार जुना आहे. 1609 मध्ये इझाक ले मेर व त्याच्या साथीदारांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचे हाती नसलेले समभाग विकले, त्यानंतर 1610 मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने अशा विक्रीस बंदी केली. दुसऱ्या बाजूस, एन्रॉनच्या हिशेबांतील गडबड हेरून जिम चॅनोस यांनी 2000 च्या अखेरीपासून तिचे समभाग शॉर्ट केले; कंपनी डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेने सुमारे 800 वित्तीय कंपन्यांच्या शॉर्ट सेलिंगवर तात्पुरती बंदी घातली, परंतु त्या समभागांची घसरण तिने थांबली नाही.