वाइनच्या आत विंडोज नसतं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जुना पण धडधाकट संगणक असलेले अनेकजण लिनक्सची चौकशी करू लागले. त्यांचा पहिला प्रश्न रास्त असतो: माझं विंडोजचं सॉफ्टवेअर तिथे चालेल का? यावर कुणीतरी जाणकार हमखास सांगतो, "वाइन टाकून चालेल, पण तो एम्युलेटर आहे. आत अख्खं विंडोज चालतं, मशीन रांगायला लागेल." यातला 'पण'नंतरचा एकही भाग खरा नाही. तरीही त्यावर विश्वास ठेवून माणसं चांगली यंत्रं भंगारात काढतात, म्हणून ते ऐकलं की चीड येते.

एम्युलेटर एका प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरवर चालवून दाखवतो. इथे ती गरजच पडत नाही. विंडोज काढून लिनक्स टाकलं तरी लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर तोच राहतो, आणि ईएक्सई फाइलमधल्या बेरीज-वजाबाकीच्या, तुलनेच्या सूचना त्याला थेट कळतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. फाइल उघडणं, पडद्यावर खिडकी काढणं, आवाज वाजवणं ही कामं प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडून करून घेतो, आणि विंडोजकडे ती मागायची रीत लिनक्सला ठाऊक नसते. ती रीत लिनक्सला समजावून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे वाइन.

समजा, हिशेबाच्या एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही 'सेव्ह' दाबलंत. प्रोग्रॅम विंडोजचं 'क्रिएटफाइल' हे फंक्शन बोलावतो. त्याच नावाचं फंक्शन वाइनमध्ये असतं, वाइनच्या प्रोग्रॅमरांनी स्वतः लिहिलेलं. ते 'सी ड्राइव्ह'चा पत्ता तुमच्या होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरकडे वळवतं आणि लिनक्सकडून फाइल तयार करून घेतं. प्रोग्रॅमला काही वेगळं घडल्याचं कळतही नाही. सांगा, यात विंडोज कुठे आलं? अशी हजारो फंक्शन्स एकेक करून लिहिण्याचं काम १९९३ पासून चालू आहे; वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं.

वेगाबद्दल शंका असेल, तर स्टीम डेक पाहा. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि २०२२ मध्ये हातात मावणारं हे गेमिंग यंत्र. त्यावर लिनक्स आहे आणि विंडोजसाठी केलेल्या असंख्य गेम त्यावर खेळल्या जातात. ग्राफिक्सच्या मागण्या बदलून देताना थोडा वेळ जातो, हे खरं. पण आत अख्खं विंडोज चालत असतं, तर एवढ्याशा यंत्राला हे जड गेलं असतं.

अख्खं विंडोज चालतं ते व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात. तिथे रॅमही लागते आणि विंडोजचं लायसन्सही. प्रोसेसरच्या सूचनांचं भाषांतर करतं ते ॲपलचं रोझेटा २, कारण २०२० पासूनच्या मॅकमध्ये प्रोसेसरची जातच बदलली. या तिन्ही गोष्टींची खिचडी करू नये, एवढंच म्हणणं आहे.

वाइनबद्दल आणखीही भ्रम आहेत. वाइन वापरणं ही चोरी नव्हे: त्यात मायक्रोसॉफ्टचा कोड नसतो, मात्र प्रोग्रॅमचं स्वतःचं लायसन्स लागतंच. विंडोजचा व्हायरस वाइनमध्ये निष्प्रभ होतो, हाही भ्रम आहे. वाइनचा 'झेड ड्राइव्ह' सहसा संपूर्ण लिनक्सकडे बोट दाखवतो, त्यामुळे तुमच्या फायली रॅन्समवेअरच्या हाती लागू शकतात. जुने प्रोग्रॅम चालत नाहीत म्हणावं, तर ६४-बिट विंडोज नाकारतं ते १६-बिट प्रोग्रॅम वाइनमध्ये अनेकदा चालतात.

आणि सगळंच चालतं, असंही कुणी समजू नये. ज्याला स्वतःचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसवायचा असतो, त्याच्यापुढे वाइन हात टेकतं. काही ऑनलाइन गेमचे फसवणूक रोखणारे प्रोग्रॅम असे असतात. यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय न उघडणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअरही याच कारणाने अडू शकतं. तुमचं काम अशा सॉफ्टवेअरवर अवलंबून असेल, तर विंडोज पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, वाइनच्या संकेतस्थळावरच्या ॲपडीबी या प्रोग्रॅमांच्या यादीत त्याची नोंद शोधा आणि डोंगल लावून एक पान छापून बघा.